मन्मथअप्पांची सही

मन्मथअप्पा इंजिन उघडण्याआधी हात स्वच्छ पुसायचे. बाकीचे मिस्त्री काम झाल्यावर पुसतात. कारण विचारलं तर म्हणायचे, "आपला मळ आन इंजिनाचा मळ एक झाला, तर दोष कुणाचा ते कसं कळावं?"

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास दुष्काळ होता. मांजरेच्या पात्रातल्या विहिरीवरून एका गावाला पाणी चढवणारं डिझेल इंजिन अप्पा सांभाळायचे. मी त्यांचा नवखा साहेब. डिझेल पुरेना, म्हणून मी त्यात भट्टीचं काळं तेल मिसळायला लावलं.

काही दिवसांनी अप्पांनी धुराच्या बाजूचा वॉल्व्ह काढून माझ्यापुढे धरला. कडेला पिवळट राख चिकटली होती आणि तिच्याखाली पोलाद कीड लागल्यासारखं खाल्लं गेलं होतं.

"ही राख कपाळाला लावायची न्हाई, साहेब," भस्माचे पट्टे ओढलेलं स्वतःचं कपाळ दाखवत ते म्हणाले. "लई तापली की पाघळती आन लोखंड खाती. काळं तेल बंद करा. न्हाई तर हळू चालवू द्या."

"हळू चालवून अर्ध्या गावालाच पाणी मिळेल."

"अर्ध्याला तरी मिळंल की!"

पण मोठे साहेब पाहणीला येणार होते. टाकी भरलेली दिसायला हवी होती. अप्पा पुन्हा नको म्हणाले, तरी मी इंजिन पूर्ण वेगानं चालवायला लावलं. पाहणी पार पडली आणि दुसऱ्या दिवशी वॉल्व्ह तुटून आत पडला. इंजिन कामातून गेलं.

मी अहवालात लिहिलं, मिस्त्रीने देखभाल केली नाही. काळ्या तेलाचं नावही घेतलं नाही. तो कागद अप्पांनी सावकाश वाचला.

"म्या सही केली तर नवं इंजिन कवा येतंय?"

"चौकशी मिटली की लगेच."

"आन न्हाई केली तर?"

मी कागदावरची सहीची जागा बोटानं दाखवली.

"आणा पेन. गाव पाण्यावाचून बोंबलायलंय."

नवं इंजिन आलं, अप्पांची नोकरी गेली. त्यांनी मुरुडला लहानसं दुकान टाकलं. मी तिकडे कधी फिरकलो नाही. गेलो तो थेट त्यांच्या मातीला. तिथे त्यांच्या मुलानं मला बाजूला घेतलं.

"काका, अप्पांनी इंजिन जाळलं म्हणून लोक अजून बोलतेत. तुम्ही तवा तिथं होता. खरं हाय का?"

"जाऊ दे आता," म्हणून मी निघून आलो.

बाळा, ते खरं नाही. काळं तेल मी घालायला लावलं. इंजिन मी पळवायला लावलं. तुझ्या वडिलांनी मला दोनदा अडवलं होतं.