गोलीचं रुखवत

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात आम्ही बारा-चौदा जण होतो आणि एकमेकांना पुरते ओळखतो असा आमचा ठाम समज होता. डावीकडून चेंडू आला की कोण गडबडतो, शिवी दिली की कोण जास्त जोरात पळतो, सगळं पाठ. तालीम तशी कुस्तीची. खाली तांबड्या मातीचा आखाडा आणि वरच्या माडीवर आमचे बूट, चेंडू आणि गोलाची जाळी. सकाळी मैदान, संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, आणि दोन्हीकडं विषय एकच. मैदानाबाहेर कोण काय करतो हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. जेवत असेल, झोपत असेल, आणखी काय करणार?

सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी सेंटर फॉरवर्ड होतो, म्हणजे गोल झाला तर माझ्यामुळं आणि हरलो तर बाकीच्यांमुळं, असा साधा हिशोब मी मनाशी धरला होता. आमचा गोलकीपर मात्र खरा हिरा. कोल्हापुरात गोलकीपरला गोलीच म्हणतात, म्हणून आम्हीही त्याला गोलीच म्हणायचो. फौंड्रीत कामाला. हात असे की एका पंजात चेंडू मावायचा. नाक एकदा मोडून बसलेलं. समोरचा फॉरवर्ड त्याच्याकडं बघूनच पाय आखडता घ्यायचा.

त्याचे वडील लवकर गेले. सांभाळ केला चुलत्यानं. या चुलत्याला सगळी पेठ तात्या म्हणायची. तरुणपणी नामांकित पैलवान, आता तालमीतले वस्ताद, म्हणजे पोरांना कुस्ती शिकवणारे. डोक्याला कायम फेटा. फुटबॉल हा त्यांच्या मते पायानं खेळायचा, म्हणून हलका खेळ, पण पुतण्या हातानं खेळतो म्हणून त्यांनी तो कसाबसा मान्य केला होता. ‘बाप्यानं बाप्यासारखं ऱ्हावं’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गोली जगात कुणाला भीत असेल तर तात्यांना.

जाळीचं एक कोडं मात्र होतं. आमची गोलाची जाळी जुनी, दर सामन्याला कुठंतरी उसवायची, आणि पुढच्या आठवड्यात ती भोकं आपोआप बुजलेली असायची. बुजलेली म्हणजे गाठ मारून दामटलेली नव्हेत, मूळ जाळीपेक्षा सुबक. तालमीचा गडी करत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याला विचारायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. असले आम्ही डोळस.

गोलीचं लग्न जमत नव्हतं. फौंड्रीतला कामगार, वर फुटबॉल खेळतो, वर ते नाक. दोन-तीन ठिकाणांहून नकार आला होता. मग गारगोटीचं स्थळ आलं. मुलीचे वडील तिथं शाळेत मास्तर. एका लग्नात गोलीनं मुलीला लांबून बघितलं होतं आणि तेव्हापासून त्याचं मैदानावर लक्ष नव्हतं. साधे साधे चेंडू सुटायला लागले. तेव्हा हे लग्न जमणं ही आमच्याही गरजेची गोष्ट झाली.

बघायला जायचं ठरलं तेव्हा तात्या, गोली, आमचा कॅप्टन आणि मी असे चौघं निघालो. एसटीत कॅप्टननं गोलीला दम भरला, “त्वांड उघडायचं न्हाय. पोहे खायचे, मान हालवायची, घरी यायचं.” गोलीनं मान हलवली.

मास्तरांच्या घरी मात्र तोंड बंद ठेवणं अवघड होतं. बघावं तिकडं क्रोशाचं विणकाम. रेडिओवर झालर, खुर्च्यांच्या पाठीवर चौकोन, टेबलावर मोठा गोल रुमाल, तांब्यावरसुद्धा मणी लावलेलं झाकण. मुलगी पोहे घेऊन आली, खाली बसली. मास्तर अभिमानानं म्हणाले, “हे सगळं हिच्या हातचं बरं का. फावल्या वेळात केलेलं.”

त्या काळी हे असंच चालायचं. मुलीला विणकाम-भरतकाम यायला हवं, आणि येत नसेल तर शेजारपाजारचं आणून मांडायचं. बघायला येणाऱ्यांपैकी कोण त्यात नाक खुपसणार? बाप्ये पोहे खातात आणि छान-छान म्हणतात. आम्ही तेच करत होतो. आणि माझ्या लक्षात आलं की गोली मुलीकडं बघतच नाहीये. ज्या मुलीपायी दोन महिने सैरभैर झाला ती समोर बसलेली, आणि हा टेबलावरच्या रुमालाकडं टक लावून बसलाय. मग त्यानं तो रुमाल उचलला, उलटा केला, खिडकीकडं धरला, कडेवरून बोट फिरवलं आणि अगदी सहज, स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला, “करणारी डावरी हाय. सगळं टाकं उलट्या अंगानं गेल्यात.”

आत स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. दाराआडून बघणारी मुलीची वहिनी डावखुरी होती, हे आम्हाला नंतर कळलं. मास्तरांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, “म्हणजे आम्ही खोटं बोलतोय असं म्हणायचंय का तुम्हाला?” गोलीला तेव्हा कुठं जाग आली. त्यानं रुमाल असा खाली ठेवला की जणू चटका बसला. तात्यांनी कपाळाला हात लावला. मी मनात परतीच्या एसटीची वेळ आठवायला लागलो.

तेवढ्यात मुलगीच बोलली. “न्हाय बाबा, ते बरोबर सांगाल्यात. माझं न्हायच हाय हे. वैनीचं हाय. मला सुई धराय येत न्हाय.” मास्तर ओरडले, “तू गप बस.” ती काही गप बसली नाही. मान वर करून तिनं गोलीला विचारलं, “पण तुमाला कसं कळलं?”

आता हा प्रश्न साधा होता, पण गोलीचा चेहरा बघून मला कळलं की याच्या आयुष्यातला हा सगळ्यांत अवघड चेंडू आहे. काहीतरी थाप मारता आली असती. आई करायची, बहिणीकडं बघितलं, काहीही. त्यानं एकदा मुलीकडं बघितलं, एकदा आमच्याकडं, आणि तात्यांकडं न बघता म्हणाला, “मी इणतो.”

“काय करतोस?” तात्या म्हणाले.

“इणतो, तात्या. पाय मोडून दवाखान्यात पडलोतो की, तवा तिथल्या शिस्टरनं शिकीवलं. येळ जाईना म्हणून शिकलो. मग सुटलंच न्हाय.”

शर्टाच्या खिशातून त्यानं क्रोशाची सुई काढली. म्हणजे हा गडी मुलगी बघायलासुद्धा सुई घेऊन आला होता! त्या रुमालाची कड एका जागी उसवली होती. त्या राक्षसी बोटांनी त्यानं ती बघता बघता सांधून दिली. मला एकदम आमची जाळी आठवली आणि स्वतःच्या अकलेची कीव आली. वहिनी आतून बाहेर आली, पाठोपाठ मुलीची आई, मग शेजारणी. कड निरखून वहिनी म्हणाली, “आगं बया, माझ्यापरास सफाई हाय.” बायकांनी गोलीभोवती घोळका केला आणि मास्तरांचा राग त्या गर्दीत कुठं गेला तो त्यांनाही सापडला नाही.

मुलीनं मग सरळ विचारलं, “मला इणाय येत न्हाय. चालंल?”

“घरात एक इणणारा हाय की,” गोली म्हणाला. “तुला काय येतंय?”

“सायकलचं पंक्चर काढाय येतंय.”

बोलता बोलता दोघं हसायला लागले. लग्न तिथंच जमलं. देण्याघेण्याची बोलणी मागाहून झाली.

परतीच्या एसटीत मात्र तात्या पुढं एकटेच खिडकीशी जाऊन बसले. गोली आमच्या मधे, मान खाली. आम्ही कोल्हापूरकर. एखाद्याला चेष्टेत धरायचं तर जन्मभर धरणारी जात, हे त्यालाही माहीत होतं आणि तो पहिल्या टोमण्याची वाट बघत होता. मुदाळतिट्टा मागं पडला. मग कॅप्टन खाकरला आणि म्हणाला, “सकाळी मैदानात माझं कान लई गार पडत्यात रं. एक कानटोपी हुईल काय?” गोलीनं त्याच्याकडं बघितलं. “हुईल की. रंग कुठला?” मला इतकं बरं वाटलं की मीही माझा रंग सांगून टाकला. तात्यांनी मागं वळून बघितलं नाही.

संघात ही बातमी दडणं शक्यच नव्हतं. पंधरा दिवस चेष्टा झाली, आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. मटणाच्या दुकानात बसणारा आमचा राइट आऊट एकदा दूध पिता पिता हळूच म्हणाला, की त्याच्या गच्चीवर गुलाबाची कलमं आहेत, स्वतः केलेली. आमचा फुलबॅक पोलीस शिपाई, त्याच्या गल्लीतल्या दिवाळीच्या रांगोळ्या तो काढतो आणि नाव बायकोचं होतं, हेही बाहेर आलं. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून खेळलो आणि यातलं काही ठाऊक नव्हतं. मी घरी जाऊन विचार केला, आपल्याला काय येतं? काहीच येत नव्हतं. याचा मला खरोखर राग आला आणि तो मी पुढच्या सामन्यात समोरच्या हाफबॅकवर काढला.

तात्या मात्र गप्प होते. लग्नाची सगळी कामं केली, बस्ता बांधला, पण त्या विषयावर एक शब्द नाही. गोली मला म्हणाला, “शिव्या दिल्या आसत्या तरी चाललं आसतं.” तो घरात चोरून विणायचा, तेही बंद झालं. फौंड्रीत जेवणाच्या सुट्टीत विणायचा.

आणि त्याला विणायचं बरंच होतं. डावखुरी वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि नवरीचं रुखवत रिकामं पडणार होतं. रुखवत म्हणजे नवरीच्या हातच्या वस्तू मांडवात मांडायच्या आणि नवऱ्याकडच्या बायकांनी त्या नाकं मुरडत बघायच्या. गोलीला आपल्या आत्या चांगल्या माहीत होत्या. म्हणून त्यानं पडदे, टेबलक्लॉथ, तोरण, सगळं स्वतः विणलं आणि थोडं थोडं करून एसटीनं गारगोटीला पाठवलं. तिनं मुकाट्यानं मांडायचं, एवढंच ठरलं होतं.

लग्न वैशाखात, गारगोटीलाच. सकाळी जानवशावर, आमचं वऱ्हाड उतरलं होतं तिथं, गोलीनं आम्हा सगळ्यांच्या हातात कागदात गुंडाळलेली एकेक कानटोपी दिली. बाहेर उन्हानं जमीन भाजत होती. आम्ही त्या हसत हसत खिशात कोंबल्या.

अक्षता पडल्या, जेवणं व्हायची होती, बायका रुखवताभोवती जमल्या. आत्यांना नाक मुरडायला जागाच मिळेना. थोरली आत्या मोठ्यानं म्हणाली, “काय हात हाय गं पोरीचा! नशीब काढलं आमच्या पोरानं.” नवरी खाली मान घालून उभी होती. गोली तिला डोळ्यांनी दटावत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, “आत्याबाई, एकदा दुसऱ्याचं माझं म्हणून मांडलं, तेवढं बास झालं. ह्यातलं एकबी माझं न्हाय. सगळं ह्यांनी केलंय.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. मांडवाच्या मागल्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता अख्खा मांडव हसायला लागला. “नवऱ्याचं रुखवत!” कुणीतरी ओरडलं. गोली बाशिंग बांधून तसाच उभा राहिला, मान खाली.

कॅप्टन उठला. खिशातून कानटोपी काढली आणि त्या रणरणत्या उन्हाळ्यात कानांवरून हनुवटीपर्यंत ओढून बसवली. मग राइट आऊट. मग पोलीस. मग मी. आमचा अख्खा संघ लोकरीच्या टोप्या घालून, घामानं निथळत, हसणाऱ्यांकडं बघत उभा राहिला. लोक जास्तच हसले, पण आता ते आम्हाला हसत होते, आणि त्याची आम्हाला सवय होती.

तेव्हा तात्या उठले. त्यांना उठताना बघून मांडव गप्प झाला. ते रुखवतापाशी गेले. टेबलक्लॉथ उचलला, उलटा केला, कडेवरून बोट फिरवलं. त्यांना त्यातलं काहीही कळत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मग आखाड्यात कुस्ती लावताना काढायचे त्या आवाजात म्हणाले, “माझ्या पोरानं केलंय. कुणाला काय म्हणायचं हाय?”

तात्या गोलीसमोर येऊन उभे राहिले आणि आमच्याकडं हात करून म्हणाले, “ह्या बेण्यांस्नी दिल्यास, आन् मला रं?”

“तुमी फेटा बांधताय, तात्या,” गोली कसंबसं म्हणाला.

“मग फेट्याच्या आत बसंल आशी इण.”

चारचौघांत तात्यांचा फेटा उतरलेला पेठेत कुणी बघितला नव्हता. तो त्यांनी उतरवला, माझ्या हातात दिला आणि मान खाली केली. गोलीनं डोळे पुसले आणि भर मांडवात वीत लावून त्यांच्या डोक्याचं माप घेतलं.