मामांनी मारलेला सरदार

माझ्या मामांइतकं पुस्तक अंगाला लावून घेणारा माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर त्याच्या बायकोची मला दया येते. मामा शहापुरातले विणकर. शिक्षण मराठी चौथी. पण वाचनाची भूक दांडगी. तेव्हा शहापुरावर सांगलीकरांचं राज्य होतं आणि पलीकडचं बेळगाव इंग्रजांचं. मामा दर रविवारी त्या परक्या मुलखात जायचे आणि तिथल्या वाचनालयातून एक कादंबरी काखेत मारून आपल्या राज्यात परत यायचे. एका कादंबरीतला नायक नदीत बुडाला, तेव्हा त्यांनी थंड पाण्यानं आंघोळ केली आणि दिवसभर अन्नाला शिवले नाहीत. शंभर पानांनंतर तो जिवंत निघाला, तर गल्लीत खव्याचा कुंदा वाटला! एका पुस्तकात खाष्ट सासू होती. तिचा फारच राग आला की मामा पुस्तक मिटून फळीवर उलटं ठेवायचे. "ऱ्हाऊ दे तशीच," म्हणायचे, "जरा रक्त उतरंल डोक्यात."

माझं लग्न निपाणीला ठरलं, तेव्हाची ही गोष्ट. आमचं घर मामांच्याच गल्लीत होतं. आमच्यात नवरी बोहल्यावर उभी राहते ती मामानं दिलेली पिवळी साडी नेसून. मामाच विणकर असल्यावर ती पेठेतून कशी आणायची? "पोरीची पिवळी माझ्या हातची असंल," असं मामांनी माझ्या बारशालाच चारचौघांत सांगून ठेवलं होतं. साडी मागावर चढली, पदर विणून झाला, आणि नेमकी त्या आठवड्याच्या रविवारी मामांनी काळ्या पुठ्ठ्याची एक कादंबरी आणली.

कुण्या थंड मुलखातला एक सरदार. मरून कैक वर्षं झालेली. पण दिवसभर जमिनीखाली खड्ड्यात निजायचा आणि दिवस मावळला की उठून माणसांचं रक्त प्यायचा. तीन दिवस मामा वाचत होते. चहा समोर निवून जायचा. मधेच दचकून स्वतःची मान चाचपायचे. आणि त्यांचं नशीब असं की शेवटची पानं कुणीतरी फाडून नेलेली! सरदार खड्ड्यात निजलाय, गावकरी कुदळी घेऊन निघालेत, आणि पुढे नुसता पुठ्ठा.

आता आमच्याकडचे माग खड्ड्याचे. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली अंधारात सोडतो आणि तिथल्या पावड्या पायांनी दाबतो. चौथ्या दिवशी सकाळी मामा मागापाशी आले, वाकून खाली पाहिलं आणि वरच मांडी घालून बसले. पाय काही केल्या खाली जाईनात.

"अवो, तीस वरसं बसताय की तितं," मामी म्हणाली.

"तवा ठावं न्हवतं."

"सरदार तिकडं बर्फात. ह्यो खड्डा शहापुरात!"

"मग? जकातनाक्यावर नुस्ती तंबाखू अडवत्यात. त्याला कोन अडवनार?"

मामी पदर खोचून खड्ड्यात उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हाय का कोन?" मामा गंभीरपणे म्हणाले, "तुला बघून सरकला असंल बाजूला."

आम्ही पोट धरून हसलो. पण माग तसाच उभा राहिला. लग्नाला आठ दिवस उरले, तेव्हा शेजारचा विणकर मामांना म्हणाला, "अण्णा, मी विणून उतरवून देतो की साडी." मामांनी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी माजघरात जाऊन रडले. मला दुसऱ्या कुणाच्या हातची पिवळी नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत त्याच शेजाऱ्याच्या उभ्या सुताचा ताणा पसरला होता. सुताला खळ लावायला घरटी एक माणूस जातो, तसे मामाही कुंचा घेऊन गेले. कुणीतरी विचारलंच, "काय अण्णा, उठला का सरदार?" सगळे हसले. मामांचा कुंचा थांबला.

"उठतोय कुटला? मारला त्याला!"

"कसा?"

मामा समोरच्या सुताकडे बघून सुरू झाले. "दिसा निजलाय न्हवं खड्ड्यात? तितंच वर माग मांडला. उभा ताना, आडवा बाना, मधी सरदार. इकडनं धोटा, तिकडनं धोटा. जागा हुईस्तवर मानंपातूर विनून काढला!" कुणी म्हणालं, खळ जाड लावा, न्हाईतर सुटंल. "लावली की!" कुणी म्हणालं, काठ दुहेरी घ्या. "घेतला!" गल्लीतली म्हातारी आक्का दारातून ओरडली, "आरं पर मेला का न्हाय?"

"नऊ वार घट्ट गुंडाळला आन् भर उनात वाळत घातला, आक्का. राख झाली!"

गल्लीभर आरोळी उठली. मामांनी कुंचा टाकला, तडक घरात आले आणि दोन्ही पाय धाडकन खड्ड्यात सोडले. माग वाजायला लागला. मामी हसता हसता डोळे पुसत सुताच्या कांड्या भरू लागली. लग्नाच्या आदल्या दिवशी साडी उतरली, आणि बोहल्यावर माझ्यामागे मामा गड जिंकून आल्यासारखे उभे राहिले. माझ्या नवऱ्याच्या कानात म्हणाले, "जपून ऱ्हावा. साडीत एक सरदार हाय."

पुढे काही वर्षांनी निपाणीत मला त्या कादंबरीची अख्खी प्रत मिळाली. शेवटी गावकऱ्यांच्या कुदळी रिकाम्या खड्ड्यात पडतात. सरदार केव्हाच पुढच्या गावी निघून गेलेला असतो. मी पुस्तक मिटलं आणि फळीवर उलटं ठेवलं.

त्यानंतर मी माहेरपणाला गेले, तेव्हा मामांची नजर अधू झाली होती. वाचन सुटलं होतं, मागही सुटला होता. मी पिवळी मुद्दाम नेसून गेले होते. तिच्यात पदर संपतो तिथं चार बोटं वीण फार घट्ट आहे. पाय खड्ड्यात सोडल्यावर विणलेली पहिली चार बोटं. मामांनी चाचपून ती बरोबर शोधली आणि हात तिथंच ठेवला.

"निपानीत लई पुस्तकं मिळत्यात म्हनं. त्या सरदाराचं शेवटी काय झालतं गं?"

"तुम्ही सांगितलंत तेच, मामा. राख झाली."

मामांनी समाधानानं मान हलवली. "मग लिव्हनारा शाना हुता," म्हणाले.