टक्केकाकांची डबी

टक्केकाकांना "कसे आहात?" विचारलं की ते तब्येत सांगत नसत, गाडीची बॅटरी सांगत. "ब्याऐंशी टक्के. मजेत!" आखातात, खलिफा सिटीत, ते आणि काकू माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. इलेक्ट्रिक गाडी आल्यापासून त्यांचं खरं नाव बिल्डिंगमध्ये कुणाला आठवेना. एसीकडे हात गेला की म्हणायचे, "हबीबी, गारवा हवा की पोचायचंय?" त्यांनी जुलैमध्ये लिफ्ट दिली, की मी ऑफिसात उकडलेल्या बटाट्यासारखा उतरायचो.

रिटायर व्हायला महिना उरला, तेव्हा या गृहस्थाने एक सेकंडहँड कॅम्पिंग ट्रेलर आणला. दोघं झोपतील, तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा, एवढाच. त्याला ते डबी म्हणत. डबी जोडून रिव्हर्स घेणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. मी मागे उभा राहून "डावीकडे, काका, डावीकडे!" असा कोकलायचो आणि ते शांतपणे खजुराच्या झाडाला धडकून यायचे. "झाडच मध्ये आलं," म्हणायचे.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी होता. काकू जळगावच्या. बावीस वर्षांत त्यांनी इथला समुद्र बघितला तो गाडीच्या काचेतून, कारण काकांची कायम ड्यूटी. कायमचं परत जायच्या आधी एकदा वाळूत बसून अख्खा सूर्य बुडताना बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. काकांनी शब्द दिला. रविवारी उम्म अल कुवैनचा किनारा, मंगळवारी विमान. मला बरोबर घेतलं ते, त्यांच्याच शब्दांत, "रिव्हर्सला."

काकूंनी मात्र घर रिकामं करायचं म्हणून अख्खं स्वयंपाकघर डबीत भरलं. पीठ, डाळी, लोणच्याच्या बरण्या, बिडाचा तवा, वर पाटा-वरवंटा. "तिथे संपवू सगळं."

"काकू, पाटा कसा संपवणार?"

"तू गप रे. आणि पेट्रोल कुठे लागतंय या गाडीला? मग वजनाने काय फरक पडतो?"

बॅटरीचा एकेक टक्का जपणाऱ्या माणसाने स्वतःच पाटा नीट सरकवून डबीचं दार लावलं. बायकोपुढे कुणाचं विज्ञान चालतं?

फरक पडला. टक्के दिवाळीतल्या चकल्यांसारखे संपत चालले. त्यात शारजाचा ट्रॅफिक. शारजाच्या पुढे चार्जिंगला थांबलो तेव्हा अकरा टक्के उरले होते आणि आमच्या आधी दोन गाड्या होत्या. नंबर लागला तर डबी दोन चार्जर अडवून आडवी. तिथला पठाण म्हणाला, "भाईसाब, ये डब्बा हटाओ." आम्ही डबी सोडवून कोपऱ्यात ढकलली. पाट्यासकट! काकूंनी तेवढ्यात थालीपीठं लावली, पठाणालाही दोन दिली आणि त्याची तक्रार खलास.

सूर्य उतरायला लागला. डबी ओढायची तर अजून तासभर चार्जिंग हवं होतं. काकूंनी एकदा आभाळाकडे पाहिलं आणि त्या तवा पुसायला लागल्या. काकांनी ते पाहिलं. डबीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "तू डबीपाशी थांब." मग काकूंना, "यल्ला, चल!"

काळोख पडल्यावर फोन आला. "पाच मिनिटांनी हुकला रे," काका म्हणाले. "ही वाळूत बसलीये, उठत नाही. म्हणते, उद्या पण बुडेलच ना तो? आम्ही थांबतोय."

"आणि मी?"

"लोणचं आहे ना तुझ्याजवळ!"

ते दोघं गाडीच्या सीटवर अवघडून झोपले. गाद्या, उशा, शेगडी सगळं माझ्यापाशी, पार्किंगमध्ये. सोमवारची ऑफिस मीटिंग मी डबीतून, पिठाच्या डब्यावर बसून केली. मॅनेजरने विचारलं, "मागे बरण्या कसल्या?" मी कॅमेरा बंद केला. मनात काकांना इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका.

रात्री ते परत आले. दोघांचेही कपडे गुडघ्यापर्यंत भिजलेले. मी भांडायला तोंड उघडलं, तर काकूंनी माझा हात धरला. "अख्खा बुडाला रे. ह्यांनी माझा हात धरला होता. बावीस वर्षांत चारचौघांत कधी धरला नव्हता." काका तिकडे पठाणाला उगाचच चार्जरबद्दल काहीतरी विचारत होते, आणि आमच्याकडे पाठ करून डोळे पुसत होते.