रुमालावर नजर

आबांनी किती लग्नं वाजवली ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्यातलं एकही त्यांनी पाहिलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. बार्शीकडच्या एका गावातले बँडमास्तर. ट्रम्पेट वाजवायचे. आम्ही मांग. कागदावर मातंग लिहितात, गावात मांगच म्हणतात. बँड मांडवाच्या दारापर्यंत यायचा आणि थांबायचा. आत मंगलाष्टकं चालायची. बाहेर उन्हात सात माणसं तोंडाला वाद्यं लावून उभी. शेवटचं 'सावधान' झालं की आतून कुणीतरी रुमाल हलवायचं. रुमाल हलला की वाजवायचं. इतकंच. अक्षता कशा पडतात, हार कसे घालतात, आम्हाला ठाऊक नव्हतं. रुमाल ठाऊक होता.

मी दहावीची परीक्षा दिली त्या वैशाखातलं सांगते. गावातल्या मोठ्या घरचं लग्न. बँडवाल्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी, तीही गोठ्यामागे. म्हणून आईने भाकरी बांधून दिली होती. ती द्यायला मी गेले. आत मंगलाष्टकं संपली. ज्याच्या हातात रुमाल होता तो पाहुण्याशी बोलत उभा. रुमाल हललाच नाही. आत टाळ्या झाल्या आणि बाहेर बँड गप्प.

नवरीचा चुलता बाहेर आला. आबांच्या ओठाला ट्रम्पेट लावलेलाच होता. त्याने समोरून ट्रम्पेटवर हात मारला.

पितळ दातावर आपटलं. मधे ओठ होता. तो फाटला.

"झोपला का रं मांगा?" एवढंच म्हणाला. आणि आत गेला, पंगतीला वाढायला.

आबांनी बाहीने रक्त पुसलं आणि वाजवलं. पुढे वरातही वाजवली. फाटलेल्या ओठावर पितळ दाबून, वेशीपर्यंत. मी भाकरीचं गाठोडं धरून उभी होते. कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "माझीच चूक. नजर रुमालावर पायजे. नजर हालली की व्हट जातो."

चातुर्मासात लग्नं बंद. बँड बंद. चूल एक वेळची. त्या चार महिन्यांत त्यांनी मला ट्रम्पेट शिकवला. मुलीला बँडमध्ये कोण घेणार, हे दोघांनाही माहीत होतं. तरी शिकवला. समोर बसायचे, हातात फडकं. मी कुठल्याही सुरावर असले तरी फडकं हललं की श्वास घ्यायच्या आत मुहूर्ताचा सूर निघाला पाहिजे. निघाला नाही की पुन्हा पहिल्यापासून. पुढे दर चातुर्मासात हेच, आणि दोन-तीन वर्षांत माझं असं झालं की आईने धुणं झटकलं तरी माझा ओठ हलायचा.

आमच्या घरात कॉलेज संपवलेली मी पहिली. हे मी मिरवते. मिरवणारच. सरकारी कॉलेजात इंजिनियर झाले, स्कॉलरशिपवर मिनेसोटात एमएसला आले, तिथेच ईडन प्रेरीत नोकरीला लागले. बॅगेत आबांचा जुना ट्रम्पेट होता. माउथपीसच्या कडेला अजून चेपलेली खूण आहे.

शेजारच्या मिनियापोलिसमध्ये एका कॅफेत रविवारी दुपारी जॅझची बैठक असते. वाद्य घेऊन कुणीही यावं. तिथे लेनर्ड पियानोवर बसतात. काळे गृहस्थ, सत्तरीचे, बोटं सुजलेली. तिथली जुनी, सगळ्यांना पाठ असलेली गाणी असतात, त्यांना स्टँडर्ड म्हणतात. लेनर्डचा एकच नियम. आधी गाणं जसंच्या तसं, पूर्ण वाजवायचं. मग तुला काय बोलायचं ते बोल.

पहिल्याच दिवशी मी वाजवलं आणि लेनर्ड मधेच थांबले. लांब सुराच्या शेवटी मी जो कंप देते, तो आमच्या बँडचा. वरातीत लांबवर ऐकू जावा म्हणून दिलेला.

"हे कुठे शिकलीस?"

"कॉलेजच्या म्युझिक क्लबमध्ये," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. "कॉलेजात असं शिकवत नाहीत. हे कुणाच्या तरी बापाचं आहे."

मी मान खाली घातली. इतक्या लांब येऊन, ज्याला बार्शी कुठे आहे हे माहीत नाही अशा माणसासमोर मी माझा बाप लपवला. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा लिहिलं. लिहिलेलं वाचलं तर चाल लागेना, बोललं तर लागली. हिपहॉपसारखं, ठेक्यावर बोलायचं. पुढच्या रविवारी लेनर्डनी एक संथ जुनं गाणं धरलं, मी ते पूर्ण वाजवलं आणि मग त्यावर बोलले:

मांडवाच्या भाईर बाप, डोळा रुमालावर,
तुमचं शुभमंगल उभं त्याच्या फाटक्या व्हटावर.
पाव्हणं जेवलं, उठलं, हात धुऊन गेलं,
वाजवणाऱ्याला आत ये, कुणी न्हाई म्हनलं.

लोकांनी टेबलं वाजवली. मराठी कुणाला कळत नव्हतं. म्हणून तर मी बोलले होते. आणि कुणाचा बाप, ते त्यात नव्हतंच.

मराठी कळणारं एक माणूस मात्र बसलेलं होतं. रिया. इथेच जन्मलेली, माझ्या कंपनीतल्या डायरेक्टरची मुलगी. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत. बैठक संपल्यावर येऊन म्हणाली, "माझ्या वेडिंगला हे कर ना. द हँकरचिफ वन. प्लीज. बाबा विल लव्ह इट, ही इज फ्रॉम बार्शी."

तिचे बाबा शिरीष. ऑफिसात शिरीष म्हणायचं, मराठी मंडळात शिरीषकाका. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यांनी मला एकदा विचारलं होतं. आडनाव काय? गाव कुठलं? गावात कुठल्या बाजूला? वडील काय करतात? एकेक पायरी खाली उतरत आल्यासारखे प्रश्न. मी म्हणाले, "संगीत शिक्षक." ते हसले आणि मला आग्रहाने बासुंदी वाढली.

रिया बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"अगं, मी जरा चौकशी केली. गावाकडे अजून ओळखी आहेत आपल्या. माझ्या लग्नात तुझ्या वडिलांचाच बँड होता म्हणे. काय योगायोग बघ."

मी बंद दाराकडे बघितलं.

"संगीत शिक्षक," ते म्हणाले. "चालायचंच. मी कुणाला सांगणार नाही. आपल्यात राहील."

आवाज इतका प्रेमळ होता की मी 'थँक्यू' म्हणून बाहेर पडले. त्या दिवसापासून ते भेटले की नुसती मान हलवायचे. मंडळाच्या कार्यक्रमात काकूंच्या घोळक्यात उभे असायचे, माझ्याकडे बघून गालात हसायचे. आज सांगतील. उद्या सांगतील. मी बासुंदी खाणं सोडलं, मग मंडळात जाणंच सोडलं.

लग्न ऑक्टोबरमध्ये, तळ्याकाठच्या हॉटेलात. इथे चातुर्मास कुणी बघत नाही, हॉटेल मिळेल ती तारीख. शनिवार सकाळ. आभाळ शिशासारखं, तळ्यावरून बदकं दक्षिणेकडे निघालेली. मला रियाने पत्रिका दिली होती. चार नंबरच्या टेबलावर माझं नाव होतं, तिने मला फोटो पाठवला होता. मी आईची साडी नेसून गेले.

शिरीषकाका दारातच भेटले. "बरं झालं लवकर आलीस. मुहूर्तालाही वाजव. आत नको, गुरुजींचा माइक आहे, फीडबॅक येतो. इथे कॉरिडॉरमध्ये उभी राहा. दाराला काच आहे, मी मांडवातून खूण करेन." मग जरा थांबून, "तुला काय सांगायचं. तुमच्याकडचंच काम आहे."

मी उभी राहिले. का राहिले, विचारू नका. माझा एच-वन, म्हणजे इथे नोकरी करायचा व्हिसा, वाढवून घ्यायचा अर्ज त्यांच्याच सहीने जाणार होता, हे एक. दुसरं, मला वाटलं खरंच फीडबॅक येत असेल. माणूस स्वतःला काहीही समजावतो.

काचेतून मंगलाष्टकं बारीक ऐकू येत होती. शेवटचं 'सावधान' झालं. शिरीषकाकांनी सोवळ्याच्या उपरण्याखालून पांढरा रुमाल काढला आणि डोक्यावर हलवला.

आणि मी वाजवलं.

ठरवून नाही. श्वास घ्यायच्या आत. ओठ आपोआप गेला, बोटं गेली, मुहूर्ताचा तोच सूर, तोच कंप. इतकं बरोबर मी आयुष्यात वाजवलं नसेल. आत अक्षता पडत होत्या आणि मी कॉरिडॉरमध्ये, गालिच्यावर, एमएस झालेली, आईच्या साडीत, रुमालाकडे बघत होते. शिरीषकाकांनी शेजारच्या पाहुण्याच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघांनी काचेकडे बघितलं. दोघं हसले.

थोड्या वेळाने हॉटेलची बाई एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन आली. इथे लग्नात कामाला आलेल्यांचं जेवण वेगळं असतं. फोटोग्राफर, डीजे, वाजवणारे. त्याला व्हेंडर मील म्हणतात. डब्यावर मार्करने 'ट्रम्पेट' लिहिलं होतं. आणि डब्यावर ठेवून माझ्या नावाचं कार्डही आणलं होतं. चार नंबरच्या टेबलावरचं.

"फादर ऑफ द ब्राइडने दिलंय," ती म्हणाली. तिचा काही दोष नव्हता.

मी डबा जमिनीवर ठेवला. कार्ड पर्समध्ये टाकलं. शेजारी लेनर्ड खुर्चीवर बसून त्यांचा डबा खात होते. रिसेप्शनला त्यांचा पियानो होता, त्यांना कामासाठीच बोलावलं होतं. त्यांनी मला बघितलं, डबा बघितला. "मी पाहुणा नाही, मला हे ठीक आहे," ते म्हणाले. "तू पाहुणी होतीस ना?"

रिसेप्शनच्या आधी शिरीषकाका सूट घालून आले. खिशात रुमालाची घडी. "ऐक. ते बोलण्याचं आज नको. आजी-आजोबा आलेत पुण्याहून. नुसती छान ट्यून वाजव. बाहेरूनच सुरू कर, मी खूण केली की." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा एच-वनचा कागद सोमवारी माझ्या टेबलावर येतोय. घाई नाही. निवांत वाजव."

दार बंद झालं. लेनर्ड आत पियानोवर जाऊन बसले. काचेपलीकडे दिवे मंद झाले. शिरीषकाकांनी खिशातला रुमाल काढला आणि हलवला.

माझा ओठ हलला. मी तो दाताखाली धरला.

त्यांना वाटलं मला दिसलं नाही. पुन्हा हलवला, जरा वर. मी काचेच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले, दिसतंय हे त्यांना दिसावं म्हणून. तिसऱ्यांदा हलवला. माना वळायला लागल्या. त्यांचा हात वरच राहिला. ओठ दाताखाली दुखत होता. आबांचाही असाच दुखला असेल, वेशीपर्यंत.

मी दार ढकललं. ट्रम्पेट हातात, तोंडाला न लावता, मधल्या वाटेने गेले. माझ्या चपलांचा आवाज येत होता. लेनर्डच्या शेजारी उभी राहिले आणि मान हलवली. आधी गाणं पूर्ण वाजवलं. जसंच्या तसं, एक सूर न बदलता. नियम म्हणजे नियम. मग बोलले. चारही ओळी. त्या दिवशी मराठी सगळ्यांना कळत होतं.

आणि मग जे आजवर कधी बोलले नव्हते ते बोलले. आबांचं पूर्ण नाव. गाव. गावातली बाजू. जात. "या नवरीच्या वडिलांच्या लग्नात माझे वडील बाहेर उभे होते. आज सकाळी मी होते."

कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणी म्हणालं, "यार, लग्नात हे काय." एक लहान मुलगी आईला विचारत होती, "व्हाय वॉज शी आउटसाइड?" आईने तिचं तोंड दाबलं. रिया तिच्या बाबांकडे बघत होती. शिरीषकाका ओरडले नाहीत. त्यांनी रुमालाची नीट घडी केली, खिशात बसवली आणि माझ्याकडे बघून हसले. पॉटलकला हसले होते तसंच.

सोमवारी सकाळी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली. विषयाच्या जागी काही नव्हतं. पोझिशन रद्द झाली म्हणाले. नोकरी गेली की व्हिसाही जातो. देश सोडायला साठ दिवस.

मी आबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"व्हट शाबूत हाय न्हवं?"

"आहे."

"मग वाजीव."

साठ दिवस कसे गेले ते सांगत नाही. शेवटच्या आठवड्यात एका लहान कंपनीत नोकरी मिळाली. पगार कमी, शहर दुसरं, बर्फ तेवढाच. अजून कधीकधी अनोळखी नंबरवरून फोन येतात, पलीकडे कुणी बोलत नाही. मराठी माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न यायच्या आत मीच आडनाव, गाव आणि जात सांगून टाकते. काहींचा हात शेकहँडला येतायेता मधेच थांबतो. थांबू दे. मला तो थांबलेला बघायचा असतो.

कुणी वाजवायला बोलावलं तर माझी एक अट आहे. मी आत उभी राहते. मुहूर्त माझ्या डोळ्यांनी बघते आणि मला वाटेल तेव्हा सुरू करते. अट मान्य नसेल तर लग्न मुकं होऊ दे.

या वर्षी आमची रेकॉर्ड निघाली. सात जुनी स्टँडर्ड, पियानो लेनर्डचा, बोल माझे. पहिल्या गाण्यात आबांनी स्वतः वाजवलेला ट्रम्पेट आहे, गावात फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला, लांब सुराच्या शेवटी कंप असलेला. त्यांच्यासमोर कुणी रुमाल धरला नव्हता. कव्हरवर त्यांचं पूर्ण नाव आहे, माझ्या नावाच्या वर.