पांगळ्याचं सेटिंग

अक्का चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या. पुढे आरसे, दिवे आणि गोड बोलणारी माणसं. मागच्या खोलीत अक्का, पाण्याची बारीक धार आणि फिरतं चाक. काच फ्रेमच्या खाचेत अलगद बसेपर्यंत कडा घासायची, त्यापुढे केसभरही नाही. त्यांच्या बोटांची टोकं कायम पांढरी आणि सुरकुतलेली असायची. आमची दारं समोरासमोर. सकाळी कुलूप लावताना भेट झाली, की त्या माझ्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घ्यायच्या, पुसून परत बसवायच्या आणि जिना उतरायला लागायच्या.

त्यांचा धाकटा भाऊ वैमानिक होता. घरातले सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे, त्यांची आईसुद्धा. अक्का तेवढ्या 'धाकट्या' म्हणायच्या. वडील अचानक गेले तेव्हा दोघांपैकी एकालाच पुढे शिकवणं शक्य होतं. गणित अक्कांचं चांगलं होतं. पण "मुलगा शिकला तर घर वर येईल," असं मामा म्हणाले आणि विषय मिटला. घर वर आलं की नाही, देव जाणे. भाऊ मात्र गेला वर, थेट ढगांच्या पलीकडे.

"एकदा तुला माझ्या विमानातून फिरवणार बघ, अक्का," असं तो दर फोनवर म्हणायचा. अक्का मला हे हसत सांगायच्या. मग तो निवृत्तीला आला, आणि निवृत्तीच्या तोंडावरच त्याला झटका आला. डावा हात काही आठवड्यांत सावरला. डावा पाय नाही.

कॅप्टनची बायको केव्हाच वेगळी झाली होती. मुलगी, चिऊ, दूरच्या शहरात नोकरी आणि तान्हं बाळ सांभाळत होती. "आत्या, थोडेच महिने गं," ती म्हणाली. अक्कांनी आतली खोली भावाला दिली आणि स्वतःची गादी बाहेरच्या खोलीत, शिवणयंत्राच्या कडेला टाकली. कॅप्टन आला तो काठी टेकत, पण मान अशी ताठ, की जणू खाली त्याला विमानतळावर न्यायला गाडी थांबली आहे.

पायाचा व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. रबरी पट्टा पायात अडकवून ओढायला लावायच्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कॅप्टनने पट्टा भिरकावला.

"मी या पायांनी विमानं वळवली आहेत. हे काय, चड्डीचं इलॅस्टिक ओढायला लावताय मला?"

बाई शांत स्वभावाच्या. म्हणाल्या, "मग विमानच वळवा. माझं काही म्हणणं नाही. पाय हलल्याशी मला मतलब."

चिऊने ते मनावर घेतलं. पंधरवड्यात खोकी आली. संगणक, मोठा पडदा, हातात धरायचा दांडा आणि एका जड खोक्यात रडरची पेडलं. विमानाच्या शेपटीवर जी उभी झडप असते, ती डावी-उजवीकडे वळवायला वैमानिकाच्या पायाशी दोन पेडलं असतात. तशीच ही, घरी खेळायची. एक पुढे दाबलं की दुसरं मागे येतं. चवड्याने वरचा भाग दाबला की ब्रेक. माझं ऑफिसातलं सगळं काम संगणकावरचं, म्हणून अक्कांनी मला हाक मारली.

वायर जोडणं सोपं होतं. पुढची डोकेदुखी फरशीची. कॅप्टनने उजवा पाय दाबला की अख्खी पेडलं गुळगुळीत फरशीवरून पुढे सरकायची, आणि त्याची ऑफिसातल्यासारखी चाकांची खुर्ची तेवढीच मागे. माणूस आणि विमान दोघं दोन दिशांना. मी हसले. कॅप्टन हसला नाही. अक्का बाहेर गेल्या आणि जुन्या पलंगाची फळी घेऊन आल्या. पेडलं फळीवर स्क्रूने आवळली, फळीची दुसरी बाजू खुर्चीच्या पुढच्या पायांखाली जाईल एवढी लांब ठेवली. चाकांची खुर्ची काढून जेवणाची लाकडी खुर्ची ठेवली. आता बसणाऱ्याच्या वजनानेच फळी दबून राहायची.

"बूट काढ," अक्का म्हणाल्या. "जाड तळव्यातून पायाला काय कळणार?"

"तू मला शिकवणार?" कॅप्टन म्हणाला. पण बूट काढले.

मग पेडलांची ओळख संगणकाला करून द्यायची होती. पूर्ण डावीकडे दाबा, पूर्ण उजवीकडे दाबा, मध्ये सोडा. उजवीकडे एका दमात झालं. डावीकडे पेडल अर्ध्यावर येऊन थांबलं. कॅप्टनच्या कपाळावर घाम आला, मांडी थरथरली, पण पेडल पुढे जाईना. शेवटी अक्का खाली बसल्या आणि त्यांनी हाताने त्याचा पाय ढकलला. तो त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहिला.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. पंखा पुढे असलेलं छोटं विमान धावपट्टीवर वेग घेताना आपोआप डावीकडे ओढलं जातं; उजवा पाय देऊन ते सरळ ठेवावं लागतं. तेवढं कॅप्टन करायचा. पण उजवा पाय जरा जास्त झाला, की डाव्याने आवरायला हवं, आणि तो डावा तर घरचा पाहुणा! विमान गवतात जायचं. कधी चवडा जड पडून एकाच बाजूचा ब्रेक लागायचा आणि विमान जागच्या जागी भोवरा व्हायचं. दरवेळी कॅप्टन पेडलांना शिव्या घालायचा. कधी फळीला. कधी फळी ज्यांनी बसवली त्यांना.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," अक्का मला जिन्यात म्हणाल्या. त्यात राग नव्हता, थकवा होता.

एका रविवारी दुपारी, कॅप्टन झोपलेला असताना, त्यांनी मला पुन्हा बोलावलं. "हे बघ, इथे एक रेघ आहे," त्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. पाय किती दाबला तर विमानाने किती वळायचं, हे ठरवणारी ती रेघ होती. "ही वाकवता येते का? फक्त डावीकडची?"

येत होती. आम्ही ती वाकवली. पेडलांमागची स्प्रिंगही अक्कांनी दोन आटे सैल केली. आता डावा पाय थोडा टेकवला तरी विमान पूर्ण वळायचं. ते नीट जमलंय का, हे बघायला कुणीतरी उडवून बघायला हवं होतं. मला भीती वाटली. अक्का खुर्चीत बसल्या, चपला काढल्या.

त्या आधी गवतात गेल्या, मग कुंपणात, मग पुन्हा गवतात. पाय मारू नये, नुसता दाब द्यावा, आणि विमान वळायला लागायच्या आधीच सोडावा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोन-तीन रविवारांत त्यांच्या पायांना ते उमगलं. रेघ कधी थोडी कमी करायची, कधी जास्त. तपासायच्या निमित्ताने त्या बसायच्या आणि तपासून झालं तरी उठायच्या नाहीत. एकदा आडवा वारा लावून त्यांनी विमान उतरवलं. नाक वाऱ्याकडे तिरपं, आणि चाकं टेकायच्या क्षणाला पायाने सरळ. माझ्या हातातला कप तसाच राहिला. अक्का वळल्या, आणि मी त्यांना इतक्या वर्षांत कधी तसं बघितलं नव्हतं. चेहऱ्यावर लाज होती, पोरीसारखी.

"सांगू नकोस हं त्याला," त्या म्हणाल्या.

कॅप्टन मात्र बदलला. विमान ऐकायला लागलं तसा तो रोज बसू लागला. सकाळी दाढी करून बसायचा. व्यायामाच्या बाईंनी पाय तपासला आणि म्हणाल्या, सुधारणा आहे, थोडीशी का होईना. अक्का हळूहळू, त्याच्या नकळत, ती रेघ सरळ करत आणत होत्या, म्हणजे पायाला रोज केसभर जास्त जोर लागेल. जेवताना तो वादळातल्या गोष्टी सांगू लागला. चिऊला फोनवर म्हणाला, "अंगातली कला कुठे जाते गं? पायात भिनलेली असते ती." अक्का पोळीचा तुकडा मोडत ऐकत होत्या.

आणि मग त्याचा जुना सहवैमानिक भेटायला आला. मोठ्या आवाजाचा, मनमोकळा माणूस. कॅप्टनने अक्कांची ओळख करून दिली, "ही माझी बहीण, इथलं सगळं बघते," आणि मला खुर्ची आणायला सांगितलं. मी घरून खुर्ची आणली आणि दारातच उभी राहिले. कॅप्टनने एक फेरी मारून दाखवली, झकास उतरवलं. मित्राने टाळ्या वाजवल्या.

"सरक, मला बघू दे," तो म्हणाला आणि बसला. धावपट्टीवर वेग घेतला, उजवा पाय दिला, मग आवरायला डावा जरासा लावला, आणि विमान सटकन डावीकडे वळून गवतात घुसलं. तो हसला. पुन्हा केलं. पुन्हा गवत. मग त्याने सेटिंग उघडलं.

"अरे, ही डावीकडची रेघ कुणी वाकवली? नुसता पाय ठेवला तरी पळतंय! लहान मुलांच्या सायकलला आधाराची चाकं लावतात, तसं केलंय कुणीतरी."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बोलून गेल्यावर त्याचं लक्ष कॅप्टनच्या काठीकडे गेलं. चहा अर्धा टाकून तो थोड्याच वेळात निघून गेला.

कॅप्टनने पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं.

"तू केलंस?"

"हो," अक्का म्हणाल्या. "पाय हलावा म्हणून. रोज थोडं थोडं सरळ करत होते रे. आता निम्म्याहून जास्त जोर तुझाच आहे, धाकट्या."

"पांगळ्याचं सेटिंग लावलंस मला! आणि चार लोकांत हसं केलंस."

"लोक कुठले? एकच तर आला होता."

"तुला काय कळतं गं यातलं? काचा घास तू. आयुष्यभर तेच केलंस, तेच कर."

अक्कांचा चेहरा मला दिसला नाही, त्या पाठमोऱ्या होत्या. त्यांनी खाली वाकून मित्राची कपबशी उचलली.

"काचा का घासल्या, ते तुला ठाऊक आहे," त्या एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

त्यानंतर कॅप्टन पेडलांजवळ गेला नाही. रबरी पट्टाही नाही, काठीही नाही. व्यायामाच्या बाई दारातून परत जायच्या. अक्कांनी रेघ पूर्ण सरळ केली, स्प्रिंग आवळली, तसं त्याला सांगितलं. त्याने कूस बदलली. पाय पुन्हा आखडला, या वेळी गुडघ्यातून. अक्का दुकानात असताना एकदा तो न्हाणीघरात पडला. मी आणि खालचा शिंपी, दोघांनी मिळून उचलला.

चिऊ आली. आली ती ठरवूनच आली होती. तिच्या शहरात एक चांगलं केंद्र होतं, तिथे चोवीस तास माणसं असतात.

"आत्या, तुला दोष देत नाही मी," ती म्हणाली. "पण बाबा एवढे छान उडवत होते. फोनवर किती खूष असायचे. तू तेवढं रोज बसवत राहिली असतीस ना त्यांना..."

मी तोंड उघडणार होते. अक्कांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. पांढरी, सुरकुतलेली बोटं. कॅप्टन गादीवर टेकून बसला होता, सगळं ऐकत होता. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

सामान बांधायला लागले तेव्हा चिऊ म्हणाली, "हे सगळं पण घेऊ. तिथे गेल्यावर मन लागेल बाबांचं." अक्कांनी स्वतः स्क्रू काढले. पेडलं पुसली, वायर गुंडाळली, मूळ खोक्यात मूळ जागी बसवली. स्प्रिंग कशी सैल करायची, कुठली रेघ वाकवायची, हे त्या चिऊला समजावून सांगायला लागल्या. चिऊ फोनवर गाडीवाल्याशी बोलत होती. "हो, हो, आत्या, बघू आम्ही," ती म्हणाली.

आतली खोली पुन्हा अक्कांची झाली, पण त्या बाहेरच झोपायच्या. फळी त्यांनी गॅलरीत उभी करून ठेवली. रविवारी दुपारी मी मुद्दाम त्यांच्याकडे जायचे. एकदा त्यांनी विचारलं, असा संगणक आणि ती पेडलं घ्यायची म्हटलं तर कुठे मिळतात, आणि मी सांगायच्या आत म्हणाल्या, "जाऊ दे. या वयात लोक काय म्हणतील."

उन्हाळ्याच्या सुट्टीत चिऊचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. फोन स्पीकरवर होता, अक्का दोन्ही हातांनी भाजी निवडत होत्या. बाबा ठीक आहेत, चिऊ म्हणाली, चाकांच्या खुर्चीवर असतात, कधी कधी जेवायला बाहेर येतात.

"आणि ती पेडलं?" अक्कांनी विचारलं.

"खोकं उघडलंच नाही गं अजून. बाबा हातच लावू देत नाहीत. पलंगाखाली पडलंय. सफाई करणाऱ्या बाई रोज कुरकुरतात."

अक्का भाजी निवडायच्या थांबल्या. "मग वापरात नसेल तर... इकडे पाठवतेस का?"

पलीकडे चिऊ हसली, अगदी मनापासून. "तुला काय करायचंय गं त्याचं, आत्या?"

अक्कांनी एक कोवळी शेंग मोडून बघितली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "सहज विचारलं."