दुसरी बरणी

मोनास्तिरच्या कॉलेजात लमजेद तापलेल्या काचेवर जस्ताच्या द्रावणाचा फवारा मारी. त्यात चिमूटभर ॲल्युमिनियमचा क्षार मिसळलेला असे. काचेवर डोळ्यांना दिसेल न दिसेल असा थर बसे. ती काच रंगाच्या सांडपाण्यात बुडवून उन्हात ठेवली, की रंग नाहीसा व्हायला हवा. आठ वर्षं तो याच एका गोष्टीमागे हात धुऊन लागला होता.

त्या जुलैत त्याने गच्चीवर निळ्या पाण्याच्या दोन बरण्या ठेवल्या. एकीत काच, दुसरीत नुसतं पाणी. संध्याकाळी पहिली नितळ झाली होती आणि दुसरीही जवळजवळ तेवढीच. लमजेदने दुसरी मोरीत ओतली आणि वहीत फक्त पहिलीचा आकडा लिहिला.

शेजारच्या तिजानीकाकांचा लोकर रंगवायचा कारखाना. त्यांचं पाणी समुद्रात जाई, म्हणून कोळी त्यांना किनाऱ्यावर उभे राहू देत नसत. बातमी ऐकून ते खजूर घेऊनच आले.

"सोडवलंस रे मला. पण एक सांग, ऊन रंग खातं म्हणून आम्ही लोकर जन्मभर सावलीत वाळवतो. आत काच न घातलेली बरणी ठेवली होतीस ना शेजारी? तिचं काय झालं?"

"फुटली, काका."

"फुटायचीच, काचेची ती," काका म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थोपटून गेले. लमजेदने खजूर तसेच फडताळात ठेवून दिले.

सकाळी त्याने दार उघडलं. उंबऱ्यावर एक रिकामी पारदर्शक बरणी होती, घासून लख्ख केलेली.

प्लॅस्टिकची.