एक जूनचा दाखला

नव्वदीच्या सुरुवातीला दिंद्रुडजवळ नवी जिनिंग निघाली. तिथं मी कामाला येणाऱ्यांचे वयाचे दाखले तपासायचो. अठरा पूर्ण नसतील तर कापसाला हातही लावू द्यायचा नाही, हा माझा हट्ट. मुकादम चिडायचा, पण सही माझी लागायची.

बहुतेक दाखल्यांवर जन्मतारीख एकच, एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजी तीच टाकायचे. त्यामुळं मी दाखला बाजूला ठेवून सरळ आईलाच विचारायचो.

दसऱ्यानंतर एक बाई मुलीला घेऊन आली. दाखल्याप्रमाणे मुलीला जूनमध्येच अठरा पूर्ण झाली होती.

"ही कधी झाली?"

"ऊसतोडीला गेलतो तवा, फडातच. येत्या पौषात अठरा भरतील, साहेब."

खरं बोलली, म्हणूनच अडकली. मुकादम शेजारून म्हणाला, "जाऊ द्या की, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न हाय." मी दाखला परत दिला. "पौष सरला की या. आज सही होणार नाही."

बाई भांडली नाही. दाखल्याची घडी घालत म्हणाली, "पौषात आमी फडावर असू. ही बी. तिथं कोयता हातात देताना कुणी वय इचारत न्हाई."